अर्ध्या जूची झडती

हरिदास उमाट्याचं डोकं लवकर तापतं हे टेंभरी गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. वर्ध्याच्या बजाज चौकाला मात्र ते जुलै महिन्यात कळलं. भर दुपारी त्यानं एका उभ्या ऑटोच्या टपावर अशी थाप मारली, की आत बसलेल्या बाईच्या पिशवीतली वांगी खाली घरंगळली.

"बंद कर ते!"

ऑटोवाल्यानं मान बाहेर काढली. "काय झालं, काकाजी?"

"गानं बंद कर म्हनलं ना!"

ऑटोच्या मागच्या भोंग्यातून ढोल फुटल्यासारखा आवाज येत होता. त्यावर गिटारीची घरघर आणि त्या घरघरीतून एका पोरीचा घोगरा, फाटका, रेड्यासारखा आवाज: अर्ध्या जूचा! अर्ध्या मिशीचा! आणि मग पुन्हा तेच.

"अर्धं जू आहे हे," ऑटोवाला कौतुकानं म्हणाला. "आपल्या सिंदी मेघेच्या पोट्ट्यायचं हाय. पुन्या-मुंबईले वाजून राह्यलं. अन् त्या गान्यातला ताऱ्या खरोखरचा मानूस आहे म्हन्ते. टेंभरीच्या फाट्यावर पानठेला आहे त्याचा. भलताच हरामखोर असन नाई?"

हरिदासचे कान लाल झाले. तो ऑटोत अर्धा वाकला आणि ऑटोवाल्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाला, "माहा दुश्मन आहे तो. तुहा काय संबंध?"

एवढं बोलून तो तरातरा निघून गेला. ऑटोवाल्याला काही समजलं नाही, आणि त्याचा दोषही नव्हता. या भानगडीचं मूळ शोधायचं तर बावीस वर्षं मागं जावं लागतं.

तेव्हा हरिदास आणि ताराचंद साटोणे दोघंही टेंभरीतच शेती करत. वावरं बांधाला बांध लागून. दोघांचीही ऐपत एकेका बैलाची. म्हणून हरिदासचा चंद्या आणि ताराचंदचा कबऱ्या, असे दोन दारचे दोन बैल एका जुवाखाली येत आणि दोन्ही वावरं वाहत. सात वर्षं ही जोडी चालली. गावात लोक म्हणत, भावाभावांचं जमत नाही तेवढं या दोघांचं जमतं. दोघं एका ताटात जेवत. एकाची बिडी दुसऱ्यानं पेटवायची. हरिदास संतापी, ताराचंद थंड. वखर हाकायला बहुतेक हरिदासच पुढे, तोंडात शिवी आणि हातात तुतारी, म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली बैल हाकायची काठी.

मग एका मृगात, पेरणीची तिफण दारात उभी असताना, ताराचंदनं कोणाला न विचारता कबऱ्या विकून टाकला. सेलूकडच्या कोण्या केळीवाल्याला. हरिदास पहाटे चंद्याला घेऊन त्याच्या दारात गेला, तर गोठ्यात नुसता खुंटा. "काऊन इकला?" म्हणून विचारलं तर ताराचंद म्हणाला, "माहा बैल होता, म्या इकला." झालं! एका बैलानं तिफण चालते का? त्या साली हरिदासची पेरणी तीन हप्ते मागं पडली. पुढं त्यानं चंद्याही विकला, वावर ठेक्यानं दिलं आणि सिंदी मेघेत मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. लग्न नाही, तेरवी नाही, रस्त्यात राम राम नाही.

पण पोळा होता ना!

टेंभरीत पोळ्याला तोरणाखाली बैल उभे झाले की झडत्या होतात. झडती म्हणजे भर गावासमोर एकानं दुसऱ्याची यमक जुळवून काढलेली चंपी. रीत मोठी कडक. ज्याच्यावर झडती, तो समोर उभा पाहिजे. मागून बोलायची नाही. एकदाच म्हणायची, दुसऱ्यांदा नाही. म्हणून झाली की ज्याला लागली त्यानंच आधी 'हर बोला' म्हणायचं, मग गाव 'हर हर महादेव' म्हणणार. ते म्हटलं की झडती त्यानं घेतली. दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा गावाबाहेर हाकलताना गावाची रोगराई जाते तशी झडतीही जाते, वर्षभर कोणी तिचं नाव काढायचं नाही. आणि उत्तर द्यायचं तर पुढच्या पोळ्याला. एक साल याचं, एक साल त्याचं.

त्या पहिल्या पोळ्याला हरिदासनं तोरणाखाली ताराचंदच्या नाकासमोर उभं राहून म्हटलं होतं:

आभाय आलं भरून, तिफन आली दारी,
ताऱ्यानं इकला बैल अन् लपून बसला घरी!
अर्ध्या जूचा धनी रे, अर्ध्या मिशीचा नर,
ताऱ्या, तुह्या शब्दाले ना पाया ना घर!

गाव हसून हसून लोळलं. ताराचंद पांढराफटक पडला. पण त्यानं "हर बोला" म्हटलं. पुढच्या साली त्यानं हरिदासच्या टकलाची झडती काढली. त्यापुढं हरिदासनं त्याच्या घोरण्याची. मग ताराचंदनं हरिदासनं बांधलेल्या मोटारीची, जी उलटी फिरली होती आणि पाणी वर चढवायचं सोडून विहिरीलाच पाजत बसली होती. असे एकवीस पोळे झाले. हरिदासच्या अकरा, ताराचंदच्या दहा. एकमेकांशी वर्षातून चार ओळी बोलत दोघंही साठीला टेकले. आणि खरं सांगायचं तर हरिदास अख्खं वर्ष त्या चार ओळींवर जगायचा. तार गुंडाळता गुंडाळता ओठ हलत असायचे. धुरपता, त्याची बायको, म्हणायची, "बायकोचा वाढदिवस ध्यानात नाई, ताराभाऊचा नंबर बराबर ध्यानात आहे."

आता या एवढ्या रीतीच्या माणसानं माती कशी खाल्ली ते ऐका.

यंदा चैत्रात त्याच्या दुकानात गुंजन आली. सिंदी मेघेचीच पोरगी, सव्वीस वर्षांची, सेवाग्रामच्या दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर. नोकरी सुटली की चौघा मित्रांसोबत टिनाच्या शेडमध्ये गाणं-बजावणं. त्यांच्या मंडळीचं नाव धसकट. कापणीनंतर वावरात राहतं आणि अनवाणी पायात घुसतं ते धसकट. त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर जळला होता. हरिदासनं तो उकलला, वेढे मोजून नवी तार भरली, वार्निश मारलं, सुकवलं. चौथ्या दिवशी पोरगी गिटार घेऊनच आली, तपासून बघायला. दुकानातच तिनं तार छेडली आणि माइकात ओरडली. समोरच्या चक्कीवरची कुत्री पळाली.

"हे काय होय बाई?" हरिदासनं विचारलं. "पोट दुखून राह्यलं का?"

"अल्टरनेटिव्ह मेटल आहे, काकाजी. राग काढतो आम्ही गाण्यातून."

"हा राग आहे? हे तं रडनं झालं! कोनावर राग आहे थे तं समजू दे. शिवी द्याची तं नाव घेऊन द्या. ऐक."

आणि उचलली जीभ, लावली टाळ्याला. पोळा नाही, तोरण नाही, ताराचंद समोर नाही, आणि हा गडी स्टुलावर उभा राहून पहिल्या पोळ्याची झडती म्हणून मोकळा झाला. पोरीचे डोळे मोठे झाले. तिनं फोन काढला. "पुन्हा एकदा म्हणा ना, काकाजी." यानं पुन्हा म्हटली! तिनं विचारलं, "हे आम्ही गाण्यात घेऊ का?" हा म्हणाला, "घे." तिनं बिचारीनं हेही विचारलं, "नाव बदलू का त्यांचं?" त्यावर हा फुशारकीनं म्हणाला, "काऊन बदलाचं? ताऱ्याच आहे थो!"

रीतीची चार कलमं, आणि चारही एका दुपारी मोडली. कशापायी? तर सव्वीस वर्षांच्या पोरीनं वा म्हणावं म्हणून.

धसकटचा पहिला अल्बम दिवाळीत यायचा होता. त्याच्या आधी लोकांना चव लागावी म्हणून त्यांनी एक गाणं सोडलं, ते 'अर्धं जू'. आधीची गाणी पाचशे माणसांनी ऐकली होती, त्यातले चारशे सिंदी मेघेचेच. हे दोन महिन्यांत साठ लाखांनी ऐकलं. कॉलेजात, जिममध्ये, लग्नाच्या वरातीत हेच. पोट्टे अर्धी मिशी काळी आणि अर्धी पांढरी करून नाचताना फोनवर दिसू लागले. मोठमोठ्या शहरांतून धसकटला बोलावणी आली. लिहिणाऱ्यांनी लिहिलं की गाणं शेवटी अचानक तुटतं ही त्याची खरी ताकद. हरिदासला ते पटलं नाही. तुटत नव्हतं ते. शेवटचा 'हर बोला' राहिला होता, कारण तो म्हणणारा माणूस तिथं नव्हताच.

पहिल्या आठ दिवसांत हरिदास मात्र फुगला होता, हे लपवून काय उपयोग? त्यानं धुरपताला तीनदा गाणं ऐकवलं. धुरपता म्हणाली, "ताराभाऊनं ऐकलं का हे?" एवढंच. त्यानंतर यानं तिला गाणं ऐकवलं नाही.

ताराचंदनं ऐकलं होतं. त्याला सुटकाच नव्हती. टेंभरी फाट्यावरच्या त्याच्या पानठेल्यावर मोटारसायकली थांबू लागल्या. खर्रा घ्यायचा नाही, पान घ्यायचं नाही. नुसतं ठेल्यासमोर उभं राहून फोन वर करायचा आणि "अर्ध्या जूचा!" म्हणून ओरडून पळायचं. त्यानं पाणी फेकलं, तर त्या पाणी फेकण्याचाही व्हिडिओ झाला. कोणी तरी ठेल्यावर खडूनं अर्धी मिशी काढून गेलं. आणि एका सकाळी वर्ध्याला जाताना हरिदासनं एसटीच्या खिडकीतून पाहिलं, तर ताराचंद मिशीशिवाय उभा होता. चाळीस वर्षांची झुबकेदार मिशी, साफ. वरचा ओठ उघडा, पांढरा, म्हाताऱ्या बाईसारखा. चार दिवसांनी ठेल्याला कुलूप लागलं.

हरिदासला त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचा त्याला भयंकर राग आला. ताराचंदला झोडायचा हक्क त्याचा होता, कमावलेला, बावीस वर्षांचा. हे साठ लाख उपटसुंभ कोण? यातल्या कोणाच्या दारातून बैल गेला होता? आणि यंदा नंबर ताराचंदचा. मिशी उतरवलेला माणूस तोरणाखाली कशाला येईल? तो नाही आला तर संपलंच. पुढं कोणी कोणाला बोलायचं?

तो तडक सिंदी मेघेच्या शेडमध्ये गेला. आत ढोल चालू होता. यानं भिंतीवरची प्लगची वायरच ओढली.

"गानं खाली उतरव," तो गुंजनला म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

"काकाजी, तुम्ही हो म्हणाले होते."

"म्या शेन खाल्लं. तू काऊन वाढलं?"

गुंजननं मान खाली घातली. पोरगी वाईट नव्हती. ती म्हणाली, "आम्ही उतरवलं तरी लोकांच्या फोनमधून कसं उतरवू, काकाजी? मी गेलती ताराकाकांकडे माफी मागायला. त्यांनी दार नाही उघडलं."

"बरं केलं त्यानं! मी असतो तं कुत्रं सोडलं असतं." आणि जाता जाता दारातून वळून म्हणाला, "अन् गानं अर्धवट आहे तुमचं. हर बोला नाई त्यात. झडती घेतल्याबिगर झडती पुरी होत नाई. अर्धं तुमीच आहा, लेकहो."

गावात आला तर वेशीवर बॅनर. टेंभरीच्या पोळ्याला 'अर्धं जू'फेम धसकट बँडची खास उपस्थिती! खाली सरपंच हात जोडून. हरिदासनं तो बॅनर मधोमध फाडला आणि सरपंचाच्याच दारात नेऊन टाकला. सरपंच म्हणाला, "काका, गावाचं नाव होऊन राह्यलं ना!" हरिदासनं गावाच्या नावाला जी शिवी दिली ती इथं लिहिण्यासारखी नाही.

मग पोळ्याला चार दिवस उरले असताना तो ताराचंदच्या घरासमोर जाऊन उभा राहिला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. उंबऱ्यापर्यंत गेला नाही, रस्त्यातूनच ओरडला.

"ताऱ्या! पोयाले येजो. तुहा नंबर आहे."

आतून ताराचंदचा आवाज आला, "मेला म्हना ताऱ्या."

"मरशीन तवा मर. यंदा नंबर तुहा आहे. नंबर सोडून मरता येत नाई!"

दार उघडलं. ताराचंद नाही, शोभाबाई आली, त्याची बायको. एकेकाळी हरिदासला ही वहिनी आपल्या हातानं वाढायची. तिच्या हातात भांडी घासल्याचं पाणी होतं. तिनं ते त्याच्या पायावर फेकलं.

"एकवीस साल तुमच्या झडत्या आयकल्या," ती म्हणाली. "हासलो, सोडून देल्ल्या. पोयाची गोष्ट पोयात राह्यली. हे गानं माह्या नातवाले शाळेत पोट्टे म्हनून दाखवतेत. तुमी समोर उभे राहून बोलनारे मानूस होते, भाऊजी. पाठीमागं बोलनारे कवापासून झाले?"

ओल्या पायानं हरिदास घरी आला. शोभाबाईचा शब्द न् शब्द खरा होता आणि तो त्याला मिरचीसारखा झोंबत होता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावात बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि उद्या जेवायला या म्हणून बैलाला आवतण द्यायचं. हरिदासकडं बैल नव्हता. तरी दरवर्षी तो शेजारच्या धर्मेंद्रच्या गोठ्यात जाऊन एका बैलाचा खांदा चोळायचा. यंदाही गेला. चोळताना बैलाच्या पुठ्ठ्यावर एक जुना बारीक खड्डा बोटाला लागला. "हे काय होय?" त्यानं विचारलं. "तुतारीची आर टोचलेली दिसते," धर्मेंद्र म्हणाला. "आधीचा मालक असन कोनी कसाई." हरिदासनं हात झटकन मागं घेतला आणि तूप तसंच सोडून घरी आला. त्या रात्री तो धड झोपला नाही. धुरपतानं विचारलं तर तिच्यावर खेकसला.

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली चौदा जोड्या उभ्या होत्या. एकेकाळी सत्तर असायच्या. पण माणसं मात्र कधी नव्हे एवढी. वर्ध्याहून पोट्टे आले होते, अर्ध्या मिशा रंगवून. सरपंचानं माइक, भोंगे सगळं लावलं होतं. गुंजन आणि तिचे साथीदार बाजूला उभे होते, वाद्यं गाडीतच ठेवून. वाजवणार नाही म्हणून त्यांनी सरपंचाला सांगितलं होतं. सरपंच त्यांच्या विनवण्या करत होता आणि पोट्टे पाय आपटत होते: अर्ध्या जूचा! अर्ध्या जूचा! बैल बुजू लागले.

हरिदासनं माइक हिसकावला.

"चूप!" तो ओरडला. "यंदा नंबर ताराचंद साटोन्याचा आहे. त्याच्याबिगर कोनी बोलनार नाई."

"कुठं आहे थो?" गर्दीतून कोणी तरी म्हणालं. "मिशी शोधाले गेला काय?" हशा पिकला.

हरिदासच्या डोक्यात सणक गेली. मग त्यानं जे केलं ते टेंभरीत आजवर कोणी केलं नव्हतं. "नाई आला तं त्याची झडती मी म्हन्तो," तो म्हणाला, आणि स्वतःवरच झडती काढायला लागला. टक्कल, उलटी मोटार, तोंडाचा पट्टा. ओळी लंगड्या, यमक फुसकं. पोट्टे कंटाळून शिट्ट्या मारू लागले.

"बस कर," मागून आवाज आला. "मले जमते माहं काम."

गर्दी फाकली. ताराचंद आला होता. उघड्या ओठाचा, धुतलेला सदरा घातलेला. मागं शोभाबाई. त्यानं माइक घेतला नाही. रीतीप्रमाणे हरिदासच्या समोर, दोन हातांवर येऊन उभा राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत बघत शांत आवाजात म्हणाला:

जोडी एका जूची, वखर एका वावरावर,
तुह्या चंद्याले हात अन् माह्या कबऱ्याले आर!
इकला नाई बैल, हऱ्या, वाचवला त्याचा जीव,
एकवीस पोये झाकले घाव, तुले नाई आली कीव!

कोणी हसलं नाही. टेंभरीचं कोणीच हसलं नाही, आणि बाहेरचे पोट्टे टेंभरीकरांची तोंडं पाहून गप्प झाले. पोळ्याच्या दिवशी, पुजलेल्या बैलांसमोर, बैलाला घाव घातल्याची झडती म्हणजे माणसाला गावाबाहेर काढण्यासारखी. आणि ती खोटी असती तर हरिदासनं तिथल्या तिथं गळा धरला असता.

खोटी नव्हती. हरिदासला सगळं आठवलं, म्हणजे तो विसरला कधी नव्हताच. वखराला दोन बैल. एक आपला, एक दुसऱ्याचा. राग आला की हात आपोआप डावीकडं जायचा, कबऱ्याकडं. चंद्याच्या अंगावर त्यानं कधी खिळा लावला नाही. कबऱ्याच्या पुठ्ठ्यातून रक्त यायचं आणि हा घरी जाताना त्यावर माती चोळून द्यायचा, ताराचंदला दिसू नये म्हणून. ताराचंदला दिसलं होतं. त्यानं भांडण केलं नाही. गावाला सांगितलं नाही. बैल विकला, शब्द मोडल्याचा डाग स्वतःवर घेतला, आणि मग दहा पोळे टक्कल आणि मोटारीवर काढले. मारायचा धोंडा हातात असताना इतकी वर्षं त्यानं खडे मारले होते.

सगळं गाव हरिदासकडं बघत होतं. 'हर बोला' त्यानं म्हणायचं होतं. तो म्हणेपर्यंत बैल सुटणार नव्हते, कोणी हलणार नव्हतं. त्यानं तोंड उघडलं, आवाज आला नाही. दुसऱ्यांदा उघडलं. ताराचंद समोरून हलला नाही, त्यानं मदतही केली नाही.

"हर बोला!" हरिदास म्हणाला. आवाज मधेच फाटला. पण म्हणाला.

मग गावानं म्हटलं, "हर हर महादेव!" आणि बैल सुटले.

धुळीत गुंजन तशीच उभी होती. तिच्या हातात फोन होता. हरिदास आपल्याकडंच येतोय हे पाहून तिनं तो घाईघाईनं खिशात घातला. "मी पुसून टाकते, काकाजी," ती म्हणाली. "शप्पथ."

"पुसाचं नाई. टाक."

"काय?"

"जिथं थे टाकलं तिथं हे टाक. माह्या नावासकट. हर बोलासकट."

"काकाजी, लोक तुमचं जगणं हराम करतील."

"त्याचं केलंच ना! तुले सांगून राह्यलो, टाक."

ताराचंद जवळून चालला होता. तो थांबला, पण हरिदासकडं बघितलं नाही. "मले याची मेहेरबानी नाई पायजे," तो गुंजनला म्हणाला.

"मेहेरबानी नोहे बे!" हरिदास भडकला. "नंबर होता तुहा!"

ताराचंद शोभाबाईसोबत निघून गेला. घरी आल्यावर हरिदासनं माळ्यावरची जुनी तुतारी काढली आणि धुरपतासमोर टाकली. टोकाचा खिळा गंजला होता.

"मले माईत होतं," धुरपता म्हणाली.

"तुले? कवापासून?"

"तवापासूनच. रक्तमाती लागलेला हात काय वावरातच धुऊन येत होते तुमी? साऱ्या गावाले माईत होतं." ती भाकरी थापत राहिली. "ताराभाऊ बोलत नव्हता, म्हून कोनी बोललं नाई."

दिवाळीत धसकटचा अल्बम आला. त्यातलं शेवटचं गाणं त्या तोरणाखालचं. ढोल नाही, गिटार नाही, ताराचंदच्या चार ओळी, मग बराच वेळ नुसते बैलांच्या गळ्यातले घुंगरू, आणि मग हरिदासचा फाटका 'हर बोला'. ते काही साठ लाखांनी ऐकलं नाही. पण ज्यांनी ऐकलं त्यांनी हरिदासला सोडलं नाही. दुकानाच्या शटरवर कोणी तरी 'आरवाला' लिहून गेलं. दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली. तो वर्ध्याला ऑटोत बसला तर मागच्या सीटवरचे खुसखुस करत. त्यानं कोणालाच उलटून उत्तर दिलं नाही. त्याच्यासारख्याला ते किती जड गेलं असेल ते धुरपताला विचारा.

कार्तिकात ताराचंदचा ठेला पुन्हा उघडला. ओठावर पांढरे खुंट आले होते. हरिदास फाट्यावर एसटीतून उतरला आणि नेहमीप्रमाणे मान वळवून पुढं चालला. ठेल्यासमोर एक मोटारसायकलवाला खर्रा घोटून घेत होता. त्यानं हरिदासला ओळखलं, फोन वर केला आणि ओरडला, "काय बे आरवाल्या! कोन्या बैलाले टोचून आला?"

तो आणखी काही बोलणार, तेवढ्यात पानं भिजवायचं घमेलंभर पाणी त्याच्या डोक्यावर आलं. फोन चिखलात पडला.

"माहा दुश्मन आहे तो," ताराचंद ठेल्यातून बाहेर येत म्हणाला. "तुहा काय संबंध?"

मोटारसायकलवाला शिव्या देत पळाला. हरिदास रस्त्याच्या कडेला उभाच होता. ताराचंदनं रिकामं घमेलं उचललं आणि त्याच्याकडं बघून खेकसला, "तू काऊन उभा आहेस बे? चाल निंघ. पुढच्या पोयाले नंबर तुहा आहे, चांगली आनजो. मांगच्या खेपी सोतावरची लय फुसकी म्हनली."

"तयार आहे माही," हरिदास म्हणाला. ते खोटं होतं. तो गावाकडं चालायला लागला, आणि पहिलं यमक जुळेपर्यंत घर आलं.